ओट्यावरचा डाव

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

ही डायरी दुकानात पडून होती. जानेवारीत आणल्या त्यातली ही एकच राहिली. दहा महिने कोरे गेलेली डायरी आता कोण घेणार? म्हणून मीच लिहायला घेतली. मला राग आला की घरात कोणी ऐकत नाही. इथे निदान कोणी 'जाऊ दे ना' म्हणणार नाही.

'जाऊ दे ना' हे सुनिलचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पेटंट वाक्य. मुरबाडच्या एमआयडीसीतून शिफ्ट करून आला की त्याला जगातलं सगळं जाऊ द्यायचं असतं. आज एक गिऱ्हाईक आधार कार्ड झेरॉक्सच्या काचेवर विसरून गेलं आणि तासाभराने येऊन मलाच म्हणालं, तुम्ही लपवून ठेवलंत. हे सांगितलं तर सुनिल म्हणतो, जाऊ दे ना. का जाऊ दे? धसईच्या बाजारात सहा वर्षं दुकान चालवते मी. लोकांच्या जमिनीचे कागद माझ्या हातातून जातात. मी आधार कार्ड लपवणार?

दुपारी गुरांच्या दवाखान्यातली नवी मॅडम आली. प्रियांका. पंचविशीची असेल, नाशिककडची. हातात पत्त्यांसारखी कार्डं. म्हणाली, यातली चार हरवली आहेत, पाठीची बाजू जाड कागदावर रंगीत काढून द्या, पुढचं मी हाताने लिहीन. मी विचारलं, कसलं आहे हे? म्हणाली, बोर्ड गेम. मी म्हटलं, सापशिडी? ती हसली, पण वाईट हसली नाही. "उद्या दुपारी माझ्या खोलीवर या ना ताई. मी आणि ब्युटी पार्लरवाली रूपाली खेळतो. दोघींत मजा येत नाही."

छत्तीस वर्षांच्या बाईने रविवारी खेळायला जायचं म्हणे.

रविवार, २ नोव्हेंबर

गेले होते.

नकाशावर लाकडाचे छोटे डबे ठेवत आगगाडीचे रूळ टाकायचे, असा खेळ. नकाशा कुठल्या तरी परदेशाचा, गावांची नावं जिभेवर वळत नाहीत, म्हणून प्रियांकाने वर चिठ्ठ्या चिकटवून मुरबाड, शहापूर, कसारा, जुन्नर असं लिहून ठेवलंय. मला मुरबाडपासून शहापूरपर्यंत रूळ न्यायचे होते. एकच डबा बाकी असताना रूपालीने तिचा लाल डबा मधे आणून ठेवला. तिला तिकडे जायचंसुद्धा नव्हतं! मी म्हटलं, ही अडवणूक आहे. ती म्हणाली, नियमात आहे. मी नियमांचं पुस्तक मागितलं. इंग्रजीत होतं, तरी शब्द लावत लावत पूर्ण वाचलं. नियमात आहे.

असले नियम करणाऱ्या माणसाला भेटायला पाहिजे एकदा.

पुढच्या रविवारी मी रूपालीला जुन्नरला जाऊ देणार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

जाऊ दिलं नाही. पण त्या आनंदावर विरजण पडलं. खेळ चालू असताना प्रियांकाचा घरमालक जिन्यातूनच ओरडला, की खोली एकटीला दिली आहे, बायका जमवायला नाही. पुरुष जमले असते तर एक वेळ समजलं असतं. बायका जमल्या तर ह्याचं काय बिघडतं? प्रियांका 'सॉरी काका' म्हणाली. मला तिचा पण राग आला. सॉरी कशाबद्दल?

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुढच्या वेळेपासून आमच्या ओट्यावर. आमचं खैरटेप धसईपासून टमटमने दहा मिनिटं. घर दोन भावांचं, चुली दोन, ओटा एक. पलीकडच्या चुलीवर माझी थोरली जाऊ बाईजा असते. आम्ही तिला बाय म्हणतो. थोरल्या दिरांना जाऊन सात वर्षं झाली. तिचा ऋतिक भिवंडीला गोदामात आहे, महिन्यातून एकदा येतो.

सुनिल म्हणाला, बायला विचारलंस का? विचारायचं काय त्यात? ती कधी कशाला नाही म्हणालीय?

रविवार, १६ नोव्हेंबर

ओट्यावर पहिला डाव झाला. शेजारची सकुबाई पण बसली. साठीची आहे, बाजारात भाजी विकते, जुनी चौथी शिकलेली, आणि उघड उघड लबाडी करते. पकडली की म्हणते, "माजं वय झालं गो."

आजच्या खेळात चौकोनी तुकडे जोडून शेतं, रस्ते, गावं तयार करायची. बाय पलीकडे सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मधेच उठून आली, माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "ता तुकडा त्या अंगाला ठेव. नायतर तुजं शेत बंद व्हनार." मी म्हटलं, बाय, मधे बोलायचं नाही, नियम आहे. ती सुपाकडे परत गेली. मी तुकडा माझ्या मनाने ठेवला आणि माझं शेत बंद झालं. सतरा गुणांनी हरले. आता हा राग कोणावर काढायचा?

बायने सगळ्यांना चहा केला. तिचा चहा चांगला होतो. तिथल्या तिथे चहा मिळतो, हे आमच्या ओट्याचं एक बरं आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज इतकं हसलो की पोट दुखलं.

शब्दांचा खेळ होता. त्याची कार्डं प्रियांकाने स्वतः मराठीत लिहिली आहेत. वर एक शब्द, खाली चार बंदी घातलेले शब्द. बंदीचे शब्द न वापरता आपल्या जोडीदाराला वरचा शब्द ओळखायला लावायचा. चौघी पाहिजेत, आणि रूपालीला उशीर होणार होता. प्रियांका म्हणाली, काकूंना बोलवू या का? मी हाक मारली. बाय 'नको नको' म्हणत आत गेली. आता येत नाही असं वाटलं, पण आली. हातबित पुसून, पदर सारखा करून माझ्यासमोर बसली, पाहुण्यांत बसते तशी.

बायला वाचता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. प्रियांकाला ठाऊक नव्हतं, तिने कार्ड दिलं. बायने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. म्हणाली, "माजा चष्मा नाय ना." तिला चष्मा नाहीच मुळी! आणि कार्ड उलटं. मी म्हटलं, "अगो बाय, उलटं धरलंस!" सकुबाई हसायला लागली, मी हसायला लागले, तेवढ्यात रूपाली पोचली, तिला सांगितलं, ती पण हसली. प्रियांका तेवढी हसली नाही. तिला आपल्याकडची थट्टामस्करी अजून कळत नाही.

मी बायला म्हटलं, मी तुझ्या कानात वाचते. पण ती उठली. "तू बस रूपाली. माजी चूल बघायचीय." चुलीवर काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

आज चहा मिळाला नाही. दूध नासलं म्हणाली. सकाळचंच तर दूध होतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बायने ओट्याच्या बरोब्बर मधोमध नाचणीची कणसं वाळत घातली आहेत. पुढे एवढं अंगण मोकळं आहे. मी म्हटलं, बाय, परवा रविवार आहे. म्हणाली, "मंग? रविवारी ऊन नसतं का?"

माणसं अशी का वागतात कळत नाही. एवढ्याशा गोष्टीत दुसऱ्याचा विचार करायला काय जातं?

रविवार, ३० नोव्हेंबर

अंगणात चटई टाकून खेळलो. रस्त्यावरून जाणारे-येणारे थांबून बघत होते. भगीरथ बाईक थांबवून पाच मिनिटं बघत राहिला. हा तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. "काय चाललंय गो, फासे टाकता का?" असं हसत हसत विचारून गेला.

रूपाली लवकर उठली. नवरा कटकट करतो म्हणे. डाव अर्ध्यात मोडला.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

भगीरथ दुकानात आला आणि मला, माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की समितीकडे तक्रार आली आहे. खैरटेपमध्ये अमुक घराच्या ओट्यावर बायका पैसे लावून फासे खेळतात, बाहेरगावच्या बाया येतात, गावाचं वळण बिघडतंय. रविवारी समाजमंदिरात हजर राहा.

पैसे लावून! समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला रोज संध्याकाळी पत्त्यांचा अड्डा बसतो. नोटा मोडायला तिथलीच पोरं माझ्या दुकानात येतात. ते समितीला दिसत नाही. आमचे लाकडाचे इवलेसे डबे दिसले.

मी विचारलं, तक्रार कोणाची? "नाव सांगता येत नाय."

संध्याकाळी सुनिलला सांगितलं. त्याने काय म्हणावं ते लिहीत नाही. लिहिलं तर पान फाटेल.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अजून वाईट. तक्रारीची प्रत मुरबाडला प्रियांकाच्या साहेबांकडे गेली आहे. बाहेरगावची बाई म्हणजे ती. नोकरीला पाच महिने झालेत, अजून कायम व्हायची आहे. मी दवाखान्यात गेले तेव्हा एका शेळीला इंजेक्शन देत होती. हात जरा हलला नाही. मग हात धुताना म्हणाली, "ताई, माझ्या बाबांना हे सांगायचं कसं? जुगाराची चौकशी चालू आहे म्हणून?"

मी तिला सांगितलं, कोणी केलं ते शोधून काढते. शोधायचं तरी किती? त्या दिवशी लवकर कोण उठलं? कोणाचा नवरा कटकट करत होता?

शनिवार, ६ डिसेंबर

रूपालीच्या पार्लरमध्ये गेले. एका मुलीच्या भुवया करत होती. दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं बोटांत, त्यामुळे तिला बोलता येईना. मी बोलून घेतलं. म्हटलं, नवऱ्याची एवढी भीती वाटत होती तर सरळ येणं बंद करायचं होतंस, आमच्या तोंडाला काळं कशाला फासलंस? ती मुलगी एक भुवई होऊन बसलेली, आरशातून आम्हा दोघींकडे बघत होती.

रूपालीने दातांतला दोरा काढला आणि एवढंच म्हणाली, "सारिका, तू बाहेर जा."

खोटी असती तर भांडली नसती का? असं एकदा वाटलं. पण खरी असती तर जास्तच भांडली असती. म्हणजे तीच.

घरी येऊन बायला सांगितलं. ती भांडी घासत होती, थांबली. "तुला काय ठाव तिनंच केलं ता?" मी म्हटलं, मग कोण करणार? बायने पुन्हा घासायला घेतलं. रात्री जेवलीही नाही, अपचन झालंय म्हणाली. बाय भोळी आहे, तिला कोणाचं वाईट दिसत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

समाजमंदिरात पन्नासेक माणसं. एरवी ग्रामसभेला वीस जमत नाहीत.

भगीरथ मधे खुर्चीवर. मी सगळे खेळ पिशवीतून घेऊन गेले होते. प्रियांका यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. भगीरथने एक फासा उचलून सगळ्यांना दाखवला. "ह्यो फासा हाय का नाय?"

"आहे," मी म्हटलं. "सापशिडीत पण असतो. तुमच्या नातवाकडे आहे, माझ्याच दुकानातून नेलाय."

लोक हसले. तो म्हणाला, पैशाचं काय? मी पिशवी खाली ओतली. डबे, तुकडे, कार्डं, सगळं सतरंजीवर. म्हटलं, शोधा पैसे. कोणी हलेना. मग सकुबाई उठली. "मी दर रविवारी बसते. माज्याकडे लावायला पैशे असते तर मी भाजी विकली असती का? आनि भगीरथ, तुज्या मागल्या भिंतीला काय चालतं, ता बोलू का आता?"

प्रकरण तिथेच मिटलं. जुगार आढळला नाही असं वहीत लिहिलं. वर म्हणाला, यापुढे खेळायचं असेल तर समितीला कळवून खेळा. आमच्या ओट्यावर आम्ही बसायचं, ते ह्याला कळवून! मी म्हटलं, आधी तक्रार कोणी केली ते सांगा. त्याने मान हलवली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नका सांगू. मला ठाऊक आहे."

माणसं सतरंजीकडे, छताकडे बघायला लागली. माझ्याकडे कोणी बघेना. बाय मागे बायकांत बसली होती, ती सतरंजीचा दोरा उपटत होती.

बुधवार, १० डिसेंबर

जिंकून उपयोग काय झाला? गावाच्या वहीला मुरबाडला कोण विचारतो? चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रियांकाला सोमवारपासून शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूच्या दवाखान्यात पाठवतायत. तात्पुरतं म्हणे. एकदा कागदावर जुगार हा शब्द चढला की तो उतरवायचा कोणी?

बाजारात सकुबाईच्या पाटीसमोर बसून मी हे सगळं बोलले. रूपालीला पुष्कळ शिव्या दिल्या. सकुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. ऐकता ऐकता तिने हातातली जुडी आपटली.

"गप गो. रूपाली नाय ती."

"मग कोण?"

"तुला सोडून सगल्या गावाला ठाव हाय. तुज्या ओट्यावर बघ ना. लांब कशाला जातेस?"

मला खरंच समजलं नाही. मी विचारलं, सुनिल? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाईजा."

दुकान तसंच बंद करून घरी आले. बाय परसात लाकडं रचत होती. मी म्हटलं, तू केलीस तक्रार? ती 'नाही' म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. ती म्हणाली, "हां. मी."

"आम्ही पैसे लावतो असं सांगितलंस?"

"हां."

"खोटं?"

"खोटं."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एका घरात राहून, माझ्या पाठीमागे, त्या पोरीची नोकरी. तिने एकेक लाकूड रचणं चालूच ठेवलं. शेवटी मी म्हटलं, अगं तुला राग आला होता तर मला सांगायचं होतंस!

तेव्हा ती वळली. "तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. आनि भगीरथला सांगितलं असतं का ह्या मला खेळात घेत नाय, मला हसतात, तर त्यानं मीटिंग बोलवली असती का? जुगार बोलले तवा पन्नास मानूस जमलं."

मी आत आले आणि ही डायरी उघडली.

गुरुवार, ११ डिसेंबर

सुनिलला विचारलं, तुला ठाऊक होतं? "हो." मग सांगितलं का नाहीस? "तू कुठे ऐकतेस? तू सांगतेस." सकाळी सात वाजता, चपला घालता घालता म्हणाला हे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने 'जाऊ दे ना' सोडून दुसरं काही म्हटलं, आणि ते हे.

मला राग आहे आणि तो खरा आहे. कोणी एखादीला हसलं म्हणून ती तिसऱ्याच पोरीच्या पोटावर पाय देते, हे कुठल्या नियमात बसतं? मी तिला वाईट म्हणून हसले नव्हते. आम्ही सगळ्याच हसलो. उलट मी कानात वाचते म्हटलं होतं. हे तीन वेळा लिहून खोडलं. लिहिलं की बरोबर दिसतं, वाचलं की नाही दिसत.

रूपालीकडे गेले. पार्लर रिकामं होतं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आता नको. गिऱ्हाईक असेल तेव्हा ये. बोललीस तेव्हा गिऱ्हाईक होतं." मला असा संताप आला! पण समोरच्या टपरीवर बसून राहिले. सव्वा तासाने दोन बायका आत गेल्या, मी मागोमाग गेले आणि त्यांच्यासमोर म्हटलं, मी खोटा आळ घेतला होता, चूक माझी. रूपाली "बरं" म्हणाली. नुसतं बरं. बस म्हणाली नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी दुकानात गर्दी होती. मान वर केली तर रांगेत बाय उभी. सहा वर्षांत ती माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. किंवा मी कधी बोलावलं नव्हतं. तिच्या पुढे दोघं होते, मी तिला पुढे ये म्हटलं, ती आली नाही. नंबर आला तेव्हा काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "एक अर्ज लिवून पायजे. पोरीच्या सायबाला. तू लोकांचे लिवतेस ना?"

मी कागद घेतला. तिने सांगितलं, मी लिहिलं. नाव, गाव, आणि खैरटेप येथील महिलांविरुद्ध मी दिलेली तक्रार खोटी आहे, त्या पैसे लावत नव्हत्या, डॉक्टर मॅडमचा काही दोष नाही. मग वाचून दाखवलं. '...ही तक्रार मी गैरसमजातून केली होती.'

"थांब. ता काय?"

"गैरसमजातून."

"गैरसमज कोनाला झाला? मला ठाव व्हतं तुमी पैशे लावत नाय ता."

"अर्जात तसं लिहायची पद्धत असते, बाय. साहेब पण काही म्हणत नाहीत."

"मला राग आला व्हता. राग लिव."

"अर्जात राग लिहीत नाहीत."

"का नाय लिवत?"

मागे रांगेत सहा माणसं. शेकडो अर्ज लिहिले मी, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तो कागद बाजूला टाकला, दुसरा घेतला. 'रागाच्या भरात' असं लिहिलं आणि वाचलं.

"भरात नको. नुसता राग."

'मला राग आला होता म्हणून मी खोटे सांगितले.' बायने मान डोलावली. शाईचं पॅड पुढे केलं आणि सवयीने तिचा अंगठा धरायला गेले. लोकांचा धरते तसा. तिने हात मागे घेतला, स्वतः अंगठा बुडवला आणि जिथे पाहिजे तिथेच उमटवला. अर्ज लिहिण्याचे पैसे ठेवले. मी घेत नव्हते, तिने ते काउंटरवर तसेच राहू दिले.

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर मुरबाडच्या एसटीत बसले. येऊ का असं तिला विचारलं नाही, तीही नको म्हणाली नाही.

साहेब पन्नाशीचे, शांत वाटले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "मावशी, असं लेखी कोणी देत नाही. तुमच्यावर उलटू शकतं."

"उलटू दे."

त्यांनी आत कोणाला तरी बोलावून अर्ज आजच ठाण्याच्या जिल्हा ऑफिसला पाठवायला सांगितला. प्रियांका सोमवारी धसईलाच राहील, तिकडे मी फोन करून सांगतो, असं म्हणाले. मला वाटलं झालं, निघावं. पण त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा राग कसला होता, मावशी?"

मला वाटलं बाय म्हणेल, जाऊ द्या साहेब. तिने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

ओटा तिचाही होता आणि तिला कोणी विचारलं नाही, इथून सुरू केलं. शेताचा तुकडा कुठे ठेवायचा ते तिला दिसत होतं आणि मी तिला मधे बोलू नको म्हटलं. त्या दिवशी हाक आली तेव्हा ती 'नको' म्हणत आत गेली ती पेटीतलं लुगडं काढायला. निळं, ऋतिकने आणलेलं, घडी न मोडलेलं. मी तिच्यासमोर बसले होते. मला लुगडं दिसलं नव्हतं. कार्ड उलटं आहे हे तिला माझ्या हसण्यावरून कळलं. आणि रूपाली आली तेव्हा मी म्हणाले होते, "ये ये, आता खेळ नीट होईल."

हे मी डायरीत लिहिलेलं नाही. पण म्हणाले होते. तिने सांगितल्याबरोबर मला माझा आवाज आठवला.

बाय रडली नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मधे शिपाई पाणी ठेवून गेला, तिने ते प्यायलं नाही. बोलून झाल्यावर साहेबांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दाराजवळ उभीच होते.

"आणि ह्या बाई? तुमच्या सोबत आल्यात का?"

बाय खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हटलं, "मी सारिका, साहेब. राग माझ्यावर होता."